दोन सुयांचा टाका

पेणमध्ये पावसाळा संपल्याचं मला कपाटाच्या वासावरून कळतं. गणपती जाऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतात. मूर्तींचे कारखाने रिकामे होऊन साचे अंगणात पालथे पडलेले दिसतात. दुपारी पाठ भाजेल असं ऊन असतं आणि संध्याकाळी डोंगराकडे नुसतंच गडगडून जातं. मग एका सुट्टीच्या दिवशी घरोघर कपाटं उघडली जातात. चार महिने कोंडलेलं लाकूड, दमट साड्या, ओला पुठ्ठा या सगळ्यांचा मिळून एक वास बाहेर येतो, आणि त्यात चामडं असेल तर मला ते दारातूनच ओळखता येतं. त्यानंतर आठवड्याभरात माझ्या गॅलरीत बॅगा यायला लागतात.

यंदा सात आल्या आहेत. कुणाच्या सासूबाईंची काळी चौकोनी पर्स, कुणाच्या मावशीची लांब पट्ट्याची, एक लालसर रंगाची आणि आत आरसा शिवलेली. सगळ्यांवर बुरशीची पांढरी लव. मी त्यांची तोंडं उघडते, अस्तरं बाहेर ओढते आणि त्यांना सावलीत, वाऱ्यावर ठेवते. बॅग घेऊन येणारी प्रत्येकजण सांगते की तिने आधी ती कडक उन्हात ठेवून बघितली होती. मी काही बोलत नाही. माझे वडील इथे असते तर बोलले असते.

ते रोह्याला असतात, दादा-वहिनींकडे. दर रविवारी मी सकाळच्या गाडीने त्यांच्याकडे जाते. दोन्ही बाजूंना या दिवसांत लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडलेलं असतं, गरवं अजून हिरवं असतं, आणि खिडकीतून दोन्हींचे तुकडे एकाआड एक मागे जातात. कासू गेलं, नागोठणं गेलं, की मांडीवरच्या पिशवीतून बॅगांचा वास डब्यात पसरतो. त्या वासाबरोबर मला चार वर्षांपूर्वीचा आश्विन आठवतो. तेव्हा मांडीवर एकच बॅग होती, आणि तिच्यामुळे आम्हा बापलेकीत जे घडलं ते पन्नास वर्षांत घडलं नव्हतं.

मी पेणच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका होत्या पाटणकर बाई. कडक, गणिताच्या, वाक्य अर्धवट सोडलेलं त्यांना चालत नसे. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात त्या एक बॅग घेऊन स्टाफरूममध्ये आल्या आणि शिपाईमावशींना म्हणाल्या की ही जाताना कचऱ्यात टाका. मी ती हातात घेतली. तपकिरी चामड्याची, वर पितळी खटक्याची, हातात धरायच्या एका गोल बंदाची. तो बंद एका बाजूने तुटलेला होता. अंगभर बुरशी होती, आणि बोट लावलं की बोट चिकटत होतं. बाईंची आत्या मुंबईला टेलिफोन ऑपरेटर होती, तिची ती बॅग. बाई शाळेत लागल्या तेव्हा आत्याने ती त्यांना दिली. म्हणजे बॅगचं वय साठीच्या घरात. बाईंनी ती वर्षानुवर्षं जपली होती, आणि जपायची म्हणून दर पावसाळ्यानंतर तिला खोबरेल तेल लावलं होतं.

मी म्हटलं, टाकू नका, रोह्याला माझ्या ओळखीचे एक आहेत, ते बघतील.

ओळखीचे एक. गाडीत बसल्यावर मला माझेच शब्द पुन्हा ऐकू आले. रोहा स्टेशनच्या बाहेर आधी झाडाखाली आणि मग लाकडी टपरीत बाबांनी चाळीस वर्षं चपला, बूट, दप्तरं आणि बॅगा शिवल्या. त्यावर दादाचं आणि माझं शिक्षण झालं. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी मला गाडीत बसवताना ते म्हणाले होते की कोणी विचारलं तर रोह्याला दुकान हाय म्हनून सांग. कोणी विचारलं नाही. ज्यांना आडनावावरून कळायचं त्यांना कळलं होतं, ते त्याबद्दल बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. सव्वीस वर्षं आम्ही सगळेच फार शहाण्यासारखे वागलो. दोष कोणाचा म्हणून मी शोधत बसले नाही. फक्त त्या रविवारी गाडीत मला वाटलं की ओळखीचे एक हे शब्द बाबांना ऐकू गेले असते तर त्यांनी मान डोलावली असती, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

टपरी बंद करून तेव्हा बाबांना आठ-नऊ वर्षं झाली होती. आई गेल्यावर त्यांचं बोलणं कमी झालं होतं. सकाळी पडवीत खुर्ची टाकून बसायचे, रस्त्याकडे बघायचे, जेवायला हाक मारली की उठायचे. मी बॅग त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी आधी ती नाकाजवळ नेली.

"खोबरेल कोनी लावलं हिला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मग अस्तर उलटं करून त्यांनी आतली कच्ची बाजू अंगठ्याने चोळली आणि सांगितलं की हे चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं आहे, आता असं मिळत नाही, आणि हे मेलेलं नाही, फक्त तेलाने गुदमरलंय. आई गेल्यानंतर एका दमात इतकं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी तिला पलंगाखालची पेटी काढायला सांगितली.

पत्र्याची पेटी, तिच्यात हत्यारं. चामडं कापायची रापी, भोक पाडायची आरी, दगड, सुया, चामड्याचे तुकडे. टपरी बंद झाली तरी दसऱ्याला हत्यारं पाटावर मांडली जायची, म्हणून स्वच्छ होती. मी खाली बसले, पदर खोचला आणि कापड हातात घेतलं. बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू नको हात लावू. तिकडं बस. पेपर वाच मला."

मला वाटलं ते सहज म्हणाले. पुढच्या रविवारीही तेच म्हणाले, आणि त्याच्या पुढच्याही. मी काही उचलून द्यायला गेले तरी त्यांना चालायचं नाही. ते वहिनीला सांगायचे, शेजारच्याला हाक मारायचे, पण मी लांबच बसायचं. एकदा मी जरा चिडून विचारलं की मला का नाही. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं.

"तुम्हा दोघांना ह्यातनं बाहेर काढाया माजी चाळीस वर्षं गेली. आनि तू परत पिशवीतनं घेऊन येतेस."

मग मी पेपर वाचत राहिले. पेपराच्या कडेवरून बघतही राहिले.

त्या तीन रविवारी मी जे बघितलं त्यावरच आज माझी गॅलरी चालते. पहिल्या दिवशी त्यांनी बॅग अंगणात नेली, वाऱ्याकडे पाठ केली आणि कोरड्या सुती कापडाने बुरशी पुसली. वाऱ्याकडे पाठ अशासाठी की बुरशीची पूड नाकात आणि घरात जाऊ नये. ते कापड लगेच जाळायला दिलं. मग व्हिनेगरमध्ये दुप्पट पाणी घालून, कापड घट्ट पिळून, एकदाच अंग पुसलं. शिवणीत अडकलेली बुरशी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. कापड भिजलेलं असू नये, नुसतं ओलसर असावं. नंतर बॅग शेडच्या सावलीत टांगली. अंगणात ऊन असं पडलं होतं की वहिनीची वाळवणं तासाभरात कडकडीत होत होती, पण बॅगला त्यांनी त्या उन्हाची कडसुद्धा लागू दिली नाही.

चिकटपणाचं काय करायचं हे त्यांनी आठवडाभर विचार करून ठरवलं होतं. शाळेतनं खडू आन, फोनवर म्हणाले. मी तुकड्यांचा डबाभर खडू नेला. तो त्यांनी खलबत्त्यात कुटला, वस्त्रगाळ केला आणि सगळ्या बॅगवर जाड थर दिला. पांढरी झालेली ती बॅग पडवीत कागदावर बसली होती आणि बाबा तिच्या शेजारी. दोन दिवसांनी पूड झटकायची, नवी लावायची, असं त्यांनी तीन वेळा केलं. खडूने तेल ओढून घेतलं. झटकलेली पूड पहिल्यांदा पिवळट आणि ओशट होती, शेवटची जवळजवळ कोरडी.

तिसऱ्या रविवारी मेण. डोंगराकडच्या वाडीवरची एक आजी बाजाराच्या दिवशी मध घेऊन येते, तिच्याकडून बाबांनी पोळ्याचं मेण मागवलं होतं. ते वाटीत, गरम पाण्यावर वितळवून त्यात थोडं एरंडेल घातलं. थंड झाल्यावर ते लोण्यासारखं झालं. आधी ते झाकणाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोटभर लावून बघितलं. रंग किती गडद होतो ते कळेपर्यंत बाकी ठिकाणी हात लावला नाही. मग वहिनीच्या जुन्या साडीच्या तुकड्याने गोल गोल लावत गेले. हळूहळू त्या चामड्यातून रंग वर आला, पिकलेल्या चिंचेच्या गरासारखा. बाबा मध्येच थांबून बॅग लांब धरून बघायचे. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी टपरीतसुद्धा पाहिलं नव्हतं, कारण टपरीत गिऱ्हाईक घाईत असायचं.

उरला बंद. तो जिथे तुटला होता तिथे जुन्या भोकांतूनच पुन्हा शिवायचा होता. बाबांनी सकाळीच दगडावर आरी पाजळली होती. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावल्या. या शिवणीत दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. पहिले दोन टाके बसले. तिसऱ्याला सुईला भोक सापडेना. त्यांनी डोळे बारीक केले, बॅग उजेडाकडे वळवली आणि आरी लावली. आरी जुन्या भोकाच्या अगदी लगत गेली. दोरा ओढला तसा दोन भोकांमधला चामड्याचा पूल तुटला आणि बॅगच्या कडेला बोटाच्या पेराएवढी चीर पडली.

त्यांनी बॅग खाली ठेवली. आरी बोथट झालीय म्हणाले. आरी बोथट नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, दादा दोन वर्षं ऑपरेशन करू म्हणत होता आणि ते आता काय बघायचंय मला असं म्हणून टाळत होते. त्यांनी एकेक हत्यार पुसून पेटीत ठेवलं, पेटी पलंगाखाली सरकवली आणि खुर्चीत जाऊन रस्त्याकडे बघत बसले. मी निघाले तेव्हा फक्त एवढंच म्हणाले की त्या बाईंना सांग, नाय जमलं.

मी बॅग पेणला घेऊन आले. बाईंना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एसटी स्टँडजवळ चपला शिवणारे एक गृहस्थ बसतात त्यांच्याकडे गेले आणि एक आरी आणि दोन सुया मागितल्या. त्यांनी विचारलं, कशाला. मी म्हटलं, माझे वडील रोह्याला हेच काम करायचे, मला शिकायचंय. पेणमध्ये हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, आणि ऐकणाऱ्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्यांनी आपल्याकडची एक जास्तीची आरी काढली, मूठ माझ्या तळहातात बसते का बघितलं आणि ही घे म्हणाले.

पुढचा आठवडाभर मी सकाळी आणि शाळेतून आल्यावर गॅलरीत बसून शिवत होते. शिवणं मला नवीन नव्हतं. शाळेतली फाटलेली पुस्तकं मीच शिवते, दोऱ्याला मेण लावून. पण कागद ऐकतो, चामडं ऐकत नाही. आरी तिरकी जाते, दोरा एका बाजूला जास्त ओढला जातो, बोटं सोलतात. माझ्या यजमानांचा एक जुना कमरपट्टा मी उभा चिरला आणि पुन्हा शिवला. मग दुसरा. ते नागोठण्याच्या कंपनीत आहेत. तो दुसरा पट्टा त्यांनी तसाच कमरेला बांधला आणि पहिल्या शिफ्टला घालून गेले. आल्यावर म्हणाले की टिकला.

दसऱ्याला आम्ही दोघं रोह्याला गेलो. नाक्यावर झेंडूचे ढीग होते, दुसऱ्या दिवशीच्या पालखीची तयारी चालली होती, घरोघर सडा घातलेला होता. वहिनीने पाट मांडला होता. बाबांनी पेटी स्वतःच ओढून बाहेर काढली होती. त्या चिरेनंतर पहिल्यांदा, असं वहिनी माझ्या कानात म्हणाली. ते एकेक हत्यार पाटावर ठेवत होते, रापी, आरी, दगड. ते फुलं घ्यायला वळले तेव्हा मी माझी आरी त्यांच्या आरीशेजारी ठेवली.

हळद-कुंकू लावताना त्यांचा हात तिथे आला आणि थांबला. दिसण्याआधी त्यांना ती बोटांनी कळली असावी.

"ही कोनाची?"

"माझी," मी म्हटलं.

त्यांनी तिलाही हळद-कुंकू लावलं. फूल ठेवलं. आरती झाली, सोनं वाटून झालं. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले की काय केलंस ते दाखव. मी यजमानांकडे बघितलं. सासऱ्यांपुढे कमरेचा पट्टा सोडायची वेळ आपल्यावर येईल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी तो काढून दिला आणि एका हाताने पँट धरून उभे राहिले. दादा हसू दाबत आत गेला.

बाबांनी पट्टा डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठा एका टोकाला ठेवला आणि टाक्यांवरून सावकाश फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत नेला. मग परत. पुस्तक वाचावं तसा.

"सुरुवात तिरकी हाय," ते म्हणाले. "आरी धरताना मनगट वाकतं तुजं. पुढं सुधारलीस."

मी त्यांच्या पायाशी बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मी विचारलं, मग का शिकवत नव्हतात. ते पुष्कळ वेळ पट्ट्याशी चाळा करत राहिले. मग अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं बोलले.

"तू शाळेतनं यायचीस तवा तुज्या बोटांना शाई असायची. मी टपरीतनं बघायचो गो. तेवढ्यासाठी बसायचो दिवसभर."

"बाबा, शाळेतली पुस्तकं फाटली की मीच शिवते," मी म्हटलं. "मेणाच्या दोऱ्याने. वीस वर्षं. तुम्हाला बघूनच आलं मला ते. सांगितलं नव्हतं एवढंच."

त्यांनी माझा हात उलटा करून सोललेली बोटं बघितली. दुखतं का, विचारलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, दुखतं. मग वहिनीला सांगून एरंडेल मागवलं आणि माझ्या बोटांना लावलं.

बॅग मी बरोबर नेलीच होती. त्या दुपारी आणि त्याच्या पुढच्या दोन रविवारी आम्ही ती पुरी केली. चीर पडली होती तिथे बाबांनी पेटीतल्या जुन्या चामड्याचा एक तुकडा काढला, रापीने कडा पातळ करत आणल्या आणि खळ लावून तो आतून चिकटवला. त्याला डोळे लागत नव्हते, हाताला माहीत होतं. टाके मी घातले. प्रत्येक टाक्यानंतर त्यांचा अंगठा येऊन बघून जायचा. एकदा तीन टाके उसवायला लावले. मला शाळेत कोणी इतकं बारकाईने तपासलं नव्हतं, पाटणकर बाईंनीसुद्धा नाही. पितळी खटका चिंचेने घासून लख्ख झाला. शेवटी त्यांनी आत जुन्या धोतराची घडी भरली, म्हणजे बॅग आकार सोडणार नाही, आणि उशीच्या सुती अभ्र्यात घालून दिली. प्लॅस्टिकमध्ये घालू नको म्हनावं, त्यात चामड्याला दम लागतो, हा निरोपही दिला.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मी बॅग बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी खटका उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बंद हातात घेऊन उभ्या राहिल्या. स्टाफरूममध्ये सात-आठ जण होते. बाईंनी विचारलं, कोण आहेत हे तुमच्या ओळखीचे.

मी म्हटलं, "माझे वडील. रोहा स्टेशनवर त्यांची टपरी होती. बंदाचे टाके मात्र माझे आहेत."

कुणीतरी पेपर तपासत होतं ते तपासत राहिलं. बाईंनी चष्मा काढला. त्या काहीतरी मोठं, चांगलं बोलतील या भीतीने मी अवघडले होते. त्या म्हणाल्या की मग मला त्यांना भेटायचंय, खोबरेलाने नेमकं काय बिघडलं ते मला समजलेलं नाही.

आणि त्या खरोखरच आल्या. दिवाळी झाल्यावरच्या रविवारी, माझ्याबरोबर गाडीने, मांडीवर ती बॅग घेऊन. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता आणि ते खुर्चीच्या शेजारी उभे होते. बाई खुर्चीत बसायला तयार होईनात, बाबाही होईनात, शेवटी दोघंही पडवीच्या पायरीवर बसले. मग बाईंनी खोबरेलाचा विषय काढला.

"राग मानू नका बाई," बाबा म्हणाले, "पन खोबरेल डोक्याला."

"म्हणजे चुकलंच माझं."

"दरवर्षी चुकलं."

आमच्या शाळेत बाईंशी असं कोणी बोललं नव्हतं. बाई मोठ्याने हसल्या. मग बाबांचा संकोच गेला आणि त्यांनी पाऊण तास शिकवलं. तेल आत जाऊन बसतं, खवट होतं, धूळ धरतं, शिवणीचा दोरा कुजवतं. बाईंनी पर्समधून छोटी वही काढली आणि सगळं क्रमाने लिहून घेतलं, मध्ये शंका विचारल्या, एक शंका दोनदा विचारली. शेवटी पानाच्या वर शीर्षक घातलं आणि म्हणाल्या, कोणाकडून घेतलं म्हणून लिहू, पूर्ण नाव सांगा.

बाबांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि जरा थांबून पुढे म्हणाले, "लिवा, चामड्याचे कारागीर, रोहा."

मी बाजूला बसून ऐकत होते. मला रुजू होतानाचा तो दिवस आठवला आणि वाटलं की दुकान हाय म्हनून सांग असं म्हणताना त्यांना किती जड गेलं असेल. तेव्हा ते मला कळलं नव्हतं. माझंही वय तेव्हा गाडी कधी सुटते हे बघायचं होतं.

त्यानंतर दोन-तीन बॅगा शाळेतून आल्या, मग शाळेबाहेरून. बाई निवृत्त झाल्या, बॅग त्यांच्या हातात असते, खोबरेल बंद आहे. बाबांनी त्याच थंडीत दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. दादाने दोन वर्षं सांगून जे ऐकलं नव्हतं ते त्यांनी आपणहून ठरवलं, आणि कारण विचारल्यावर म्हणाले की हिचे टाके बघायचेत. पट्टी निघाल्यावर खरंच बघितले आणि अंगठ्याला न सापडलेल्या चुका काढल्या. आता रविवारी मी गेले की आमच्यात पडवीभर बॅगा असतात. ते बसून दोन तास काम करतात, मग थकतात. थकल्यावर मला पेपर वाचायला सांगतात. मी वाचते. त्यांना बरं वाटतं, मलाही. आईच्या मागे हे घर जे गप्प झालं होतं ते आता गप्प नाही. रंग कसला लावलास, मेण जास्त झालं, ही चेन पुण्याला मिळेल का, असल्या गोष्टींवरून आम्ही वाद घालतो.

यंदाच्या सात बॅगांपैकी एक जुनं गिऱ्हाईक आहे. नागोठण्याच्या एका नर्सताईंची, लांब पट्ट्याची. तीन वर्षांपूर्वी तिची एक बाजू मी एकटीने शिवली होती, बाबा तेव्हा आजारी होते म्हणून. आता दुसरी बाजू उसवली. गेल्या रविवारी मी ती रोह्याला नेली. अंगणात कापलेल्या गवताचा वास होता, वहिनी पोहे निवडत होती. बाबांनी बॅग फिरवून बघितली, जुन्या शिवणीवर बोट ठेवलं आणि म्हणाले की ही बाजू मी केलेली, अजून हललेली नाय, दुसरी कोनी केली होती देव जाणे.

मी म्हटलं, "बाबा, ही बाजू मी केली. तुम्ही तेव्हा अंथरुणावर होतात."

ते ऐकेनात. माझा टाका मला कळत नाय व्हय, म्हणाले. त्यांनी बॅग उजेडात नेली, चष्मा पुसून पुन्हा लावला, टाके मोजले, मग डोळे मिटून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. वहिनीला हाक मारून बोलावलं आणि तिला विचारलं की ह्यात कोनाचा हात दिसतो. वहिनीने पोह्यांचं सूप मांडीवरून न काढता बघितलं आणि तुमचाच, म्हणाली.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बॅग माझ्या मांडीवर ठेवली, दुसरी बाजू पन तूच कर म्हणाले, आणि हात धुवायला उठले.